दोन्हीकडून शिक्का बसतो तेव्हा

सप्रेम नमस्कार.

तुमच्या विनंतीप्रमाणे नाव आणि गाव गाळते आहे. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून पत्राचा आशय आधी थोडक्यात सांगते. एका मोर्चाला हिंसक वळण लागले, त्या संध्याकाळी घरात चर्चा चालू असताना तुम्ही एक वाक्य बोललात : "दगडफेक करणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच हवी, आणि खाली पडलेल्या माणसाला लाठीने झोडपणाऱ्या पोलिसांवरही व्हायला हवी." ते ऐकताच थोरले बंधू बुद्धिबळाच्या अर्ध्या डावावरून उठले आणि "तू आतून डावाच आहेस, आज कळलं" असे बोलून निघून गेले. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य तुम्ही कॉलेजपासूनच्या मैत्रिणीला मोबाइलवर लिहून पाठवलेत, तर तिचे उत्तर आले, "सत्तेची भाषा आता तुझ्याही तोंडी बसली." तेव्हापासून भाऊ रविवारी खेळायला येत नाहीत, आणि मैत्रीण तुमचे संदेश वाचते पण उत्तर देत नाही. आपले खरोखर काही चुकते आहे का, यापुढे गप्प बसावे का, की एकदाची एक बाजू धरून मोकळे व्हावे, असे तुम्ही विचारले आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिता की, दोघेही नावे ठेवतात त्या अर्थी आपणच बरोबर असणार, अशी तुम्ही मनाची समजूत घालता.

मी या शेवटच्या समजुतीपासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या दुखण्यावर तुम्ही स्वतःच शोधलेले ते औषध आहे आणि ते घातक आहे. दोन माणसे तुमच्याविषयी चुकीचे बोलतात एवढ्यावरून तुमचे म्हणणे बरोबर ठरत नाही. पूल भक्कम आहे असे एकाचे मत असेल आणि तो कोसळण्याच्या बेतात आहे असे दुसऱ्याचे, तर "अर्धा पूल कोसळेल" असे सांगणाऱ्यावर दोघेही चिडतील, पण त्यामुळे त्या तिसऱ्याला पुलाविषयी काही कळते असे सिद्ध होत नाही. दोन्हीकडच्या शिव्यांमध्ये स्वतःच्या शहाणपणाचा दाखला शोधण्याची सवय एकदा लागली की, माणूस मुद्द्याकडे बघणे सोडून दोन्ही टोकांमधले अंतर मोजत बसतो, आणि ती टोके जिकडे सरकतील तिकडे त्याचा मध्यही सरकत जातो. तुमचे ते वाक्य मला योग्य वाटते. मात्र ते योग्य वाटण्याचे कारण ते मधले आहे हे नाही. कायदा हातात घेणाऱ्या प्रत्येकाला, तो गणवेशात असो वा नसो, एकच माप लावावे हा त्यामागचा विचार मला पटतो. तुमच्या मनातही ते कारण इतकेच स्पष्ट आहे का, हे एकदा तपासून पाहा.

आता शिक्क्यांकडे वळू. एकच वाक्य एकाला डावे आणि दुसरीला उजवे कसे ऐकू येते, याचा तुम्हाला जो अचंबा वाटतो आहे तो स्वाभाविक असला, तरी मानसशास्त्राला ही गोष्ट बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात दारूबंदी ठेवावी की उठवावी यावर मतदान झाले होते आणि वातावरण चांगलेच तापलेले होते. कार्ल हॉवलँड, ओ. जे. हार्वे आणि मुझफ्फर शरीफ या संशोधकांनी त्या काळात बंदीचे कट्टर समर्थक, बंदीचे विरोधक आणि मधल्या मताचे लोक अशा तिघांनाही एकच भाषण ऐकवले. ते भाषण बंदी थोडी सैल करावी अशा बेताच्या सुराचे होते. बंदीवाल्यांना ते होते त्यापेक्षा कितीतरी जास्त दारूच्या बाजूचे वाटले, बंदी उठवू पाहणाऱ्यांना तेच भाषण बंदीकडे झुकलेले वाटले, आणि ज्यांचे स्वतःचे मत भाषणाच्या जवळपास होते त्यांनीच ते जिथे होते तिथे ओळखले. हा अभ्यास १९५७ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९८५ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी असाच एक अनुभव नोंदवला : लेबनॉनच्या बैरुतमध्ये १९८२ साली झालेल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या हत्याकांडाच्या दूरचित्रवाणीवरील त्याच बातम्या इस्रायलच्या समर्थकांना इस्रायलविरोधी वाटल्या आणि अरबांच्या समर्थकांना इस्रायलधार्जिण्या वाटल्या. बातमी एकच होती, पडदाही एकच होता.

याचा अर्थ असा की, माणूस स्वतःच्या मतात जितका गुंतलेला असतो तितकी त्याची मोजपट्टी आखूड होते. आपल्या मताच्या अगदी लगतचे तेवढे त्याला आपले वाटते, आणि त्या पलीकडचे सगळे, मग ते दोन पावलांवर असो की दोनशे कोसांवर, एकाच ढिगात जाऊन पडते. तुमच्या बंधूंच्या लेखी तुम्ही आणि दगड मारणारा, आणि मैत्रिणीच्या लेखी तुम्ही आणि लाठी मारणारा, असे दोघे शेजारी येऊन बसलात ते यामुळे. यात तुमची फसवणूक करण्याचा हेतू असेलच असे नाही. त्यांना खरोखरच तसे दिसत असते, आणि हे लक्षात ठेवले तर राग बराच निवळतो.

तुम्ही पत्रात एक बारकावा आपसूक लिहून गेलात, पण तिथे थांबला नाहीत. बंधूंनी उठताना तुमच्या वाक्याचा फक्त पोलिसांचा भाग उच्चारला, आणि मैत्रिणीने उत्तर देताना फक्त दगडफेकीचा भाग उद्धृत केला. तुमचे वाक्य "आणि" या शब्दावर उभे होते. त्या दोघांनी तेवढा एकच शब्द काढून टाकला आणि ज्याला त्याला नको असलेला अर्धा भाग हातात धरला. समंजस माणसाच्या वाट्याला येणारी बहुतेक सगळी विशेषणे अशा अर्ध्या तोडलेल्या वाक्यांतून जन्माला येतात. म्हणून "मी डावा नाही", "मी सत्तेचा माणूस नाही" असे खुलासे करण्यात शक्ती घालवू नका. शिक्क्यावर वाद घातला की वाद शिक्क्याचाच होतो आणि मूळ घटना, म्हणजे तो रस्ता, ते दगड आणि तो खाली पडलेला माणूस, सगळे बाजूला राहते. त्याऐवजी शांतपणे एवढेच विचारा : "माझ्या वाक्यातला नेमका कोणता भाग तुला चुकीचा वाटतो?" बंधू म्हणाले की पडलेल्या माणसाला मारणे योग्यच होते, तर तुमच्यात खरा मतभेद आहे आणि त्यावर बोलता येईल. ते तसे म्हणाले नाहीत, तर त्यांना तुमचे वाक्य मान्य आहे, फक्त ते तुमच्या तोंडून त्या वेळी ऐकायला नको होते, एवढेच उरते.

परंतु सगळे शिक्के असे नकळत बसत नाहीत, हेही तुम्हाला सांगायला हवे. घरातल्या माणसांना दृष्टिदोष होतो, पण संघटित राजकारणात मधल्या माणसाला नाव ठेवणे हे ठरवून केलेले काम असते, कारण उघड शत्रूपेक्षा तो अधिक अडचणीचा असतो. शत्रूकडे आपले अनुयायी जाण्याची भीती नसते. मधल्याकडे ती असते. "मागणी रास्त आहे, पण हा मार्ग नको" असे म्हणणारा माणूस ऐकून घेण्यासारखा वाटला, तर कडव्या गटातली काठावरची माणसे त्याच्या मागे जातील, आणि म्हणून त्याला आधी घरचा भेदी ठरवावे लागते.

याचे जर्मनीतले उदाहरण मला नेहमी अस्वस्थ करते. १९२८ साली मॉस्कोत कम्युनिस्ट इंटरनॅशनलचे, म्हणजे देशोदेशींच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेचे, सहावे अधिवेशन भरले आणि त्यानंतरच्या धोरणात लोकशाही मार्गाने जाणाऱ्या समाजवाद्यांना 'सोशल फॅसिस्ट' म्हणण्याचा प्रघात पक्का झाला. जर्मन कम्युनिस्टांच्या लेखी देशातला सोशल डेमोक्रॅटिक पक्ष हा मुख्य शत्रू ठरला. त्याच वेळी नाझी त्याच पक्षाला मार्क्सवादी आणि 'नोव्हेंबरचे गुन्हेगार' म्हणत होते, म्हणजे १९१८ च्या नोव्हेंबरात पराभव पत्करून राष्ट्राशी द्रोह करणारे. एकाच पक्षाला एक टोक फॅसिस्ट म्हणते आणि फॅसिझमचे प्रत्यक्ष टोक त्याला मार्क्सवादी म्हणते, असे ते दृश्य होते. त्या पक्षाच्या हातून चुका झाल्या नाहीत असे कोणी म्हणणार नाही. कचरण्याच्या आणि उशीर करण्याच्या चुका त्याने केल्या. पण २३ मार्च १९३३ रोजी हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा बर्लिनच्या क्रोल ऑपेरागृहात मताला आला, तेव्हा सभागृहात गणवेशातले नाझी रांगा धरून उभे होते, कम्युनिस्ट प्रतिनिधी तुरुंगात होते किंवा भूमिगत झाले होते, आणि या पक्षाचेही काही प्रतिनिधी अटकेत किंवा परागंदा होते. त्या सभागृहात पक्षाचे अध्यक्ष ऑटो वेल्स यांनी उठून विरोधाचे भाषण केले, आणि कायद्याविरुद्ध जी ९४ मते पडली ती सगळी याच 'बोटचेप्या' म्हणून हिणवलेल्या पक्षाची होती. तीन महिन्यांत पक्षावर बंदी आली. त्या ९४ जणांपैकी प्रत्येकाला त्या दिवशी घरातून निघताना काय वाटले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते.

हे सांगण्यामागे मधले लोक नेहमी शूर असतात असे सुचवण्याचा हेतू नाही. सूर सौम्य असणे आणि कणा नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शिक्का मारणारा नेमकी तीच सरमिसळ करतो. आपल्या भाषेत तर या सरमिसळीसाठी एक तयार जोडीच आहे : जहाल आणि मवाळ. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा ही दोन नावे लोकांच्या तोंडी पक्की बसली, आणि 'मवाळ' हा शब्द ज्यांना चिकटला त्यांच्या मागण्याही मऊच असणार असे आपण आजही नकळत धरून चालतो. प्रत्यक्षात मवाळांचे अग्रणी गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, आणि ती मागणी सरकारला आणि सभागृहातल्या अनेक देशी सभासदांना पचण्यापलीकडची होती. पुढच्या वर्षी ती फेटाळली गेली. १९१५ साली गोखले गेले तेव्हा आयुष्यभर त्यांच्याशी भांडलेल्या लोकमान्य टिळकांनी अंत्यविधीच्या वेळी त्यांचा भारताचा हिरा म्हणून गौरव केला. मतभेद तसूभरही कमी झालेले नव्हते. मात्र ज्याच्याशी भांडलो तो माणूस केवढा होता, हे टिळकांनी नेमके ओळखले होते.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते : आपले खरेच काही चुकते आहे का? इथे मला तुमच्याशी थोडे कठोर व्हावे लागेल. शिक्का चुकीचा असला तरी त्यामागची तक्रार कधीकधी खरी असते, आणि ती ऐकून घेण्याइतका मोठेपणा समतोल म्हणवून घेणाऱ्याकडे असायला हवा. १६ एप्रिल १९६३ ही तारीख असलेल्या, अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग यांनी गोऱ्या मवाळांविषयी जे लिहिले ते प्रत्येक मध्यममार्गी माणसाने स्वतःला लावून पाहावे. आठ गोऱ्या धर्मगुरूंनी त्यांच्या निदर्शनांना अविचारी आणि अवेळी म्हटले होते, त्याला ते उत्तर होते. काळ्यांच्या वाटेतला मोठा अडसर कदाचित उघड वंशद्वेष्टा नसून न्यायापेक्षा शांतता जपणारा, "ध्येय पटते पण पद्धत नाही" म्हणणारा, आणि दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचे वेळापत्रक आपण ठरवू पाहणारा मवाळ माणूस आहे, असे त्यांनी लिहिले. त्याच पत्रात, आपल्याला जहाल म्हटल्याने आधी वाईट वाटले, हेही ते सांगतात आणि आपण निमूट सोसणारे लोक आणि द्वेषाने पेटलेले लोक या दोन शक्तींच्या मध्ये उभे आहोत, असेही म्हणतात. म्हणजे ज्याने मवाळांवर इतकी जळजळीत टीका केली तो स्वतः एका अर्थाने मध्येच उभा होता, आणि त्यालाही शिक्का चुकला नव्हता. फरक इतकाच की त्याचे मध्ये असणे त्याला फार महाग पडत होते, आणि त्या धर्मगुरूंचे मध्ये असणे त्यांना फुकट मिळालेले होते.

तुमचे मध्ये असणे तुम्हाला कितीला पडते, हे तुम्हीच पाहा. एखाद्या प्रश्नावर पुरावा उघड एका बाजूला झुकलेला असताना केवळ कोणी दुखावू नये म्हणून तुम्ही "नरो वा कुंजरो वा" म्हटले आहे का? ज्याचे काही पणाला लागलेले नाही अशा माणसाच्या निश्चिंतपणाने तुम्ही कोणाला धीर धरायला सांगितले आहे का? मैत्रिणीच्या रागाचे मूळ अशा एखाद्या जुन्या प्रसंगात असू शकते. तुमच्या पत्रात तुम्ही ओझरता उल्लेख केला आहे की, दोन वर्षांपूर्वी तिच्या नोकरीच्या ठिकाणी तिच्यावर अन्याय झाला तेव्हा तुम्ही "दोन्ही बाजू समजून घेतल्या पाहिजेत" असे तिला म्हणाला होतात. मोर्चाविषयीच्या वाक्यात तुमची चूक नव्हती. त्या दिवशी मात्र ती तुमच्याकडे निवाडा मागायला आलेली नव्हती, असे मला वाटते, आणि तिच्या मनात ते दोन प्रसंग एकमेकांना जोडले गेले असतील.

आणखी एक गोष्ट. तुमच्या पत्रात भाऊ आणि मैत्रीण या दोघांसाठी मिळून तुम्ही 'आंधळे' हा शब्द तीनदा वापरला आहे. ज्याच्यावर शिक्का बसतो त्याच्या हातातही शिक्का येतो, तो असा. "टोकाचे लोक सगळे सारखेच" हे मध्यममार्गी माणसाचे आवडते वाक्य आहे आणि तेही अर्धी वाक्ये तोडूनच तयार होते. तुमच्या भावाला जाळपोळीत सामान्य दुकानदाराचे काय होते याची काळजी आहे, तुमच्या मैत्रिणीला मोर्चात गेलेल्या कोवळ्या मुलांची काळजी आहे, हे तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिले आहे. काळजी करणाऱ्या माणसांना आंधळे म्हणू नका.

गप्प बसावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर नाही असे आहे. कारण समंजस माणसे एकेक करून गप्प होत गेली की उरलेल्यांना वाटू लागते की जगात दोनच मते आहेत. मात्र प्रत्येक विषयावर बोललेच पाहिजे असेही नाही. ज्या प्रश्नाचा तुम्ही स्वतः विचार केला आहे त्यावर पूर्ण वाक्यात बोला, आणि ज्याचा केला नाही तिथे "माझे मत अजून बनलेले नाही" असे सरळ सांगा. हे सांगणे म्हणजे तळ्यात-मळ्यात करणे नव्हे. बनलेले मत लपवणे हे तळ्यात-मळ्यात असते.

एक बाजू धरून मोकळे व्हावे का, याविषयी एक सावधगिरीची सूचना देते. पुरावा पाहून, वाचून, विचार करून तुमचे मत एखाद्या बाजूला गेले तर खुशाल जाऊ द्या. मध्यावर राहण्याची शपथ कोणी घातलेली नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतून मला असे दिसते की पुष्कळ माणसे युक्तिवादाने सरकत नाहीत, दुखावल्यामुळे सरकतात : ज्या बाजूने जास्त लागेल असे बोलले जाते तिच्यापासून दूर, आणि जी बाजू थोडी आपुलकीने वागवते तिच्या जवळ. मग त्या नव्या घरात जागा टिकवण्यासाठी जुन्या मित्रांना दुप्पट जोराने नावे ठेवावी लागतात. बंधूंचे शब्द मैत्रिणीच्या शब्दांपेक्षा तुम्हाला जास्त लागले आहेत, हे पत्रात लपत नाही. म्हणून पुढचे काही महिने तरी तुमच्या मतात जो बदल होईल त्याचे कारण एका कागदावर लिहून काढा, आणि त्या कारणात भावाचे किंवा मैत्रिणीचे नाव येत असेल तर तो बदल थोडा थांबवा.

आता दोघांविषयी. मैत्रिणीला राजकारणाविषयी काहीही लिहू नका. तिला फोन करा, भेटायची वेळ मागा, आणि दोन वर्षांपूर्वीच्या त्या प्रसंगाविषयी, तेव्हा मी तुझ्या बाजूने उभे राहायला हवे होते, एवढे स्पष्ट शब्दांत सांगा. त्या सांगण्याला "पण" जोडू नका. मोर्चाचा विषय तिला काढायचा असेल तर ती काढेल.

बंधूंचे तसे नाही. ते उठून गेले तेव्हा पटावरचा डाव अर्धा होता आणि तुम्ही सोंगट्या अजून हलवलेल्या नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. येत्या रविवारी त्यांची वाट पाहत बसू नका. पटाचा फोटो काढून त्यांना पाठवा आणि खाली लिहा की चाल तुमची आहे. ते आले तर खेळा. मोर्चाचा विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर टाळूही नका, आणि ते वाक्य पुन्हा म्हणायची वेळ आली तर दोन्ही भागांसकट, मधल्या "आणि"सकट म्हणा.